बांधाची खोड सांगूनच जमीन विका

घोटीच्या बाजारात बैल विकायला नेलात, की घेणारा त्याचे दात पाहतो, खूर उचलून बघतो, पाठीवरून हात फिरवतो आणि मग हळूच विचारतो, "खोड काय आहे, ते सांगा." बैल मारका असला, औताला चालतो पण गाडीला अडतो असे असले, तर जाणता विकणारा ते सांगून टाकतो. चार पैसे कमी येतात, पण पुढच्या बाजारालाही त्याच जागेवर उभे राहायचे असते.

जमिनीचे मात्र आपण असे करत नाही. माती काळी आहे की मुरमाड, बोअरला पाणी किती, डांबरी रस्ता किती लांब, द्राक्ष येईल का, कांदा कसा पिकतो, हे सगळे घेणारा विचारतो आणि विकणारा रंगवून सांगतो. बांधापलीकडे कोण आहे, त्याचे आणि आपले काय चालले आहे, हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा तर अजिबात तोंड उघडत नाही. मध्यस्थाने आधीच बजावलेले असते, "इसार होईस्तोवर ते काही काढू नका, भाऊ."

शेतकरी बंधूंनो, ही चूक आमच्याच घरात झाली, म्हणून लिहितो आहे.

आमच्या चुलत्यांनी दिंडोरी तालुक्यातली सव्वा एकर जमीन विकली. मुलगा नाशिकला नोकरीला, गुडघे गेलेले, करणारे कोणी नाही. घेणारे होते एक निवृत्त शिक्षक. घरची शेती थोडी, ती भावांकडे. फंडाचे पैसे आले होते आणि आता स्वतः कसायचे असे त्यांच्या मनात होते. व्यवहार सरळ झाला. सातबारा स्वच्छ, बोजा नाही, भावा-बहिणींच्या सह्या झालेल्या. पहिल्याच पावसाळ्यात गुरुजींनी टोमॅटो लावला. पीक असे आले की गिरणाऱ्याच्या बाजारात रोज क्रेट जायला लागावेत. पहिला तोडा निघाला त्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि बांधावर अडला. वाटेत बाभळीच्या फांद्या टाकलेल्या आणि शेजारी उभा. म्हणाला, "हा रस्ता दादांना दिला होता. तुम्हाला नाही."

आणि तो खोटे बोलत नव्हता. आमच्या शेतापासून गाडीरस्त्यापर्यंत मध्ये त्याचा गट होता. आमच्या आजोबांच्या वेळेपासून बैलगाडी त्याच्या बांधावरून जायची. पुढे एका लिंबाच्या झाडावरून चुलत्यांचे आणि त्याचे वाजले, वर्षभर बोलणे बंद होते. गावातल्या चार माणसांनी मिटवले, तेव्हा तो चारचौघांत बोलला होता, "तुम्ही आहात तोवर जा दादा. तुमच्यामागं कुणाला जाऊ देणार नाही." हे चुलत्यांना पक्के आठवत होते. विकताना ते बोलले नाहीत.

गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "आप्पा, तुम्ही सांगायला पाहिजे होतं." चुलते खाली बघत म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही."

घोडा आणि कायदा

"तुम्ही विचारलंच नाही" हे उत्तर कायद्यात कितपत टिकते, ते पाहण्यासारखे आहे. 1872 च्या करार कायद्यात कलम 17 खाली, गंमत म्हणजे, जनावराचेच उदाहरण दिले आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत होते, तो गप्प राहिला. ही फसवणूक नाही, असे कायदा म्हणतो. नुसते गप्प बसणे म्हणजे लबाडी नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असली, तर नात्यामुळे त्याने सांगायलाच हवे. आणि तिसरे उदाहरण फार कामाचे आहे. घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन," आणि विकणारा गप्प राहिला. इथे त्याचे गप्प राहणे हे बोलण्याइतकेच धरले जाते.

म्हणजे घेणाऱ्याने काय करावे ते दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. इसार देण्याआधी चार माणसांत म्हणायचे, "रस्ता, पाणी, हद्द, कशाचाच शेजाऱ्याशी वाद नाही असं मी समजतो. असला तर आत्ताच सांगा."

जमीन आणि घर यांच्या विक्रीला तर याहून कडक नियम आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. मिळकतीत किंवा मालकीत एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. न सांगणे हे लबाडीचे मानले जाते, असेही त्याच कलमात शेवटी म्हटले आहे. शेजाऱ्याचा तिरसट स्वभाव या व्याख्येत बसेल असे मला वाटत नाही. पण शेताला हक्काचा रस्ता नाही, विहिरीतला हिस्सा कागदावर नाही, हद्दीचा दावा पडून आहे, असल्या गोष्टींवर वाद घालायला वकिलाला भरपूर जागा आहे.

इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याने एक छापील माहितीचा फॉर्म भरून द्यायची पद्धत आहे. शेजाऱ्यांशी काही वाद झाला आहे का, पुढे होईल असे काही आहे का, असा सरळ प्रश्न त्यात असतो. आपल्या खरेदीखतात शेजारी येतात ते फक्त चतुःसीमेत. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस नाला. चार नावे आली की शेजारी संपले!

रस्ता कुणाचा, परवानगी कुणाची

आमच्या प्रकरणात गोम कुठे होती ते नीट समजून घ्या, कारण जिल्ह्यात असे रस्ते गावोगावी आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून ये-जा केली, तर वहिवाटीचा हक्क तयार होतो, असे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे. परवानगी मागून गेलात तर तो हक्क होत नाही, ती फक्त मुभा असते, आणि मुभा जमिनीबरोबर विकता येत नाही. ज्या माणसाला दिली त्याच्यापुरती ती असते. चुलत्यांनी पारावर चारचौघांत "तुमच्या मेहेरबानीनं जातो" असे कबूल केले, तिथेच आजोबांपासूनच्या वहिवाटीला भोक पडले.

म्हणून विकणाऱ्याने रस्त्याबद्दल नेमके काय ते सांगावे. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषेने गाडीवाट दाखवलेली असते, एकेरी तुटक रेषेने पायवाट. आपली वाट त्यात आहे की नाही? नसेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आहे का? तहसीलदारांचा आदेश आहे का? की नुसती तोंडची परवानगी? मे 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद 'इतर हक्क'मध्ये घ्यावी असे ठरवले आहे. विकायला काढण्याआधी ही नोंद करून घेतली, तर जमिनीला भावही बरा येतो. पण हे काम शेजाऱ्याशी बोलणे असताना होते. रस्ता अडवल्यावर मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो, किंवा महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही मार्ग चांगले आहेत. फक्त टोमॅटोला तेवढा वेळ नसतो.

पाण्याचे शेजारी तर बांधाला लागून असतीलच असेही नाही. द्राक्षाच्या गावांतून पाहा. कुठे कादवेवरून, कुठे गोदावरीवरून, कुठे धरणाच्या कडेवरून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर पाइपलाइन आणलेली. ती किती जणांच्या शेताखालून गेली आहे? त्या प्रत्येकाची संमती लेखी आहे का? कलम 49 प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची परवानगी तहसीलदार देऊ शकतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच लाइनी 'राम राम' वर टाकलेल्या आहेत. टाकणारा विकून गेला की राम राम संपतो आणि कोणीतरी नांगर खोल लावतो. सामाईक विहिरीचेही तसेच. आठवड्यात कोणाचे किती दिवस, वीज मीटर कोणाच्या नावावर, गाळ काढायचा खर्च कोणी केला आणि कोणी बुडवला, हे सगळे सांगून द्यावे. विहिरीचा चौथा हिस्सा कागदावर विकता येतो. पाळी पाळणारे इतर तीन हिस्सेदार कसे आहेत, ते कागदावर येत नाही.

बागलाणात मोसम नदीकाठी जिथे जुनी फड पद्धत चालत आली, तिथला रिवाज आठवा. एका फडात एकच पीक, पाटकरी पाणी फिरवणार, कोणी मध्येच मनाला येईल ते लावायचे नाही. तिथे जमीन घेणारा अख्ख्या फडाचा भागीदार होतो, आणि हे त्याला सांगावे लागायचे नाही, कारण घेणारा तिथलाच असायचा. आता घेणारा नाशिकचा, ठाण्याचा, कधी त्याहून लांबचा. ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 नंतर पाणी वापर संस्था उभ्या केल्या, त्या देशभर नावाजल्या गेल्या. अशा संस्थेच्या क्षेत्रात जमीन विकत असाल तर पाणीपट्टी थकली आहे का, पाळी कधी येते, हे घेणाऱ्याला सांगा. नाहीतर तो पहिल्याच आवर्तनाला दार उघडायला जाईल आणि भांडण घेऊन येईल.

शेजाऱ्याचे पीक काय, हेही सांगायची गोष्ट आहे, विशेषतः द्राक्षवाल्याला. शेजारी मक्यात किंवा उसात टू-फोर-डी तणनाशक मारत असेल आणि वारा इकडचा असेल, तर वेलीची पाने आखडतात. निर्यातीच्या मालाचे तर नावच घेऊ नका. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हापासून बागेतल्या फवारणीचा हिशेब किती काटेकोर ठेवावा लागतो हे निफाडच्या माणसाला सांगायला नको. ऊस म्हटला की बिबट्या आला. गोदाकाठी तोही शेजारीच! त्याची माहिती दिलीत तर घेणारा रात्री पाणी भरायला एकटा जाणार नाही.

माणसाबद्दल नको, घडल्याबद्दल सांगा

इथे एक सांभाळायचे आहे. शेजाऱ्याबद्दल सांगा म्हटले की काही जण भडाभडा सुरू होतात. तो दारू पितो, त्याचे पोरगे बिघडले, सुनेशी पटत नाही. हे घेणाऱ्याच्या कामाचे नाही आणि आपल्याला शोभतही नाही. जात सांगू नका. कोणी विचारलीच तर त्याच्याकडे पाहून गप्प राहा, हे एक गप्प राहणे मला मान्य आहे. "शेजारी फार वाईट आहे" ही माहिती नव्हे. "दोन वर्षांपूर्वी सरकारी मोजणी आणली, तेव्हा उत्तरेच्या खुणा दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हत्या, आम्ही पुन्हा तक्रार केली नाही" ही माहिती. ती खरी-खोटी तपासता येते, मोजणीची 'क' प्रत मागता येते, आणि शेजाऱ्याची बाजूही विचारता येते. कधी कधी त्याचीच बाजू बरोबर निघते.

हद्दीच्या वादाचे मूळ पुष्कळदा माणसात नसतेच. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट आले, तेव्हा काही ठिकाणी कागद एकीकडे आणि कब्जा दुसरीकडे राहिला. दोन शेजारी तीस-तीस वर्षे एकमेकांची जमीन कसत आहेत, अशी उदाहरणे आहेत. आजोबांना ठाऊक, नातवाला नाही. हे न सांगता विकले की नवा मालक मोजणी आणतो आणि मोजणीदार त्याला शेजाऱ्याच्या बागेत उभा करतो. यासाठी जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना सुरू झाली. बारा वर्षांपासून असा उलटसुलट कब्जा असला, तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी ठरवण्यात आली. पण अदलाबदल आधी करावी आणि विक्री मग. आता नवा माणूस येतोय, त्याचे तो बघेल, असे म्हणणाऱ्याने गुरुजींचा टोमॅटो आठवावा.

बांधाचा शेजारी बहुतेक ठिकाणी भाऊच असतो, ही आणखी एक गोष्ट. वडिलांची जमीन वारसांना एकत्र मिळाली असेल आणि त्यातला एक आपला हिस्सा विकायला काढत असेल, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 ने दिला आहे. तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सुप्रीम कोर्टाने 2019 साली स्पष्ट केले. भावाला न विचारता विकलेत आणि घेणाऱ्याला "भावाशी काही नाही" म्हणालात, तर तुम्ही त्याला जमीन नव्हे, तारीख विकली! आधी बांधाला विचारावे, हा आपला जुना रिवाज त्यासाठीच होता. आणि लागून जमीन असलेला माणूस कित्येकदा बाहेरच्यापेक्षा जास्त देतो, कारण त्याचा तुकडा सलग होतो.

घर विकतानाही हेच, फक्त अंतर कमी. गावठाणातल्या घराची भिंत सामाईक असते. कोणाच्या पत्र्याच्या पागोळ्या कोणाच्या अंगणात पडतात, मोरीचे पाणी कोणत्या बोळाने जाते, मागच्या दाराची वाट कोणाच्या खळ्यातून आहे, खिडकी पाडली तेव्हा कोण बोलले होते, हे घरात राहिलेल्यालाच माहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये यातले काही नसते. 2020 नंतर स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावोगाव मिळकत पत्रिका निघाल्या. त्यात घराची हद्द आली. पागोळ्या आल्या नाहीत. घेणाऱ्याला भर पावसात एकदा घर दाखवा. उन्हाळ्यात दाखवलेल्या घराला शेजारी नसतो, असे आमच्याकडे एक म्हातारे गवंडी म्हणायचे.

आता प्रश्न राहतो तो भावाचा. सगळे सांगितले तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती खोटी नाही. एखादा पळतोही. पण सांगितलेली खोड किमतीत एकदाच वजा होते. न सांगितलेली खोड पुढे वकिलाच्या फीत, हेलपाट्यांत आणि गावात मान खाली घालून चालण्यात वजा होत राहते. शिवाय चांगले शेजारीही सांगायचे असतात, ते आपण विसरतो. बोअर आटल्यावर वैशाखात दोन तास पाणी देणारा, रात्री आपल्या मोटारीचा आवाज बंद झाला की उठून बघायला जाणारा शेजारी असेल तर तेही सांगा. घेणाऱ्याला त्याच्या ओट्यावर नेऊन चहा पाजा. बोलणे बंद असेल तरी न्या. निदान ओळख तरी विकणाऱ्याच्या तोंडून होऊ द्या.

आमच्या गुरुजींचा तो तोडा गेला. क्रेट डोक्यावरून काढले, निम्मा माल मऊ पडला. तहसीलला अर्ज केला, तारखा पडल्या. चुलते दीड वर्ष त्या बाजूला फिरकले नाहीत. मग एका अमावास्येला कोणाला न सांगता शेजाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, त्या माणसाची नाही." शेजारी बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "त्यांच्या बोअरचं पाणी द्या म्हणावं उन्हाळ्यात, दोन तास."

कागद झाला. दहा फुटांचा रस्ता, बांधाच्या कडेने, कायमचा, आणि फाल्गुन ते ज्येष्ठ रोज दोन तास पाणी. तहसीलदारांपुढे तडजोड दाखल होऊन रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर आली. त्या कागदावर खाली साक्षीदार म्हणून पहिली सही आमच्या चुलत्यांची आहे.